खिरापतीच्या डब्यातली भूमिती

वेणू गेल्याचं कळलं तेव्हा मी नातीच्या परकराला नेफा घालत होते. तिचा भाचा वसंता दुपारच्या मोटारीनं बार्शीटाकळीहून अकोल्याला आला, वांग्यांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "मावशी, आत्या गेली... परवा सकाळी." पायरीवर बसून गवारीच्या शेंगा निवडत होती म्हणे. सूप मांडीवरच होतं, आणि भिंतीला टेकली ती टेकलीच. मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर त्यात थोडा हेवाही होता. इतकं सुटसुटीत जाणं कोणाच्या वाट्याला येतं? उठताना वसंतानं पिशवीच्या तळातून फडक्यात बांधलेला एक पितळी डबा काढला. "हा तुमाले द्याचा म्हणून सांगून ठेवलं होतं तिनं. अन् म्हणे, कोणी उघडून नोका पाहू, दुर्गेलेच पाहू द्या." फडक्यातूनही मी तो डबा ओळखला. तसाच उचलून फळीवर ठेवून दिला. तो कसा उघडायचा याचा वेणूचा एक नियम होता, आणि त्या दिवशी तो पाळण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि खडू किती झिजवावा इथपासूनचे हुकूम नागपूरहून सुटायचे. ती गणिताची, मी शिवणाची. ती बार्शीटाकळीच्या माळ्यांची लेक. घरी भाजीचा मळा. बाप गाडीभर माल घेऊन अकोल्याच्या बाजारात यायचा. पोरीचं डोकं चालतं, शिकू द्या चार इयत्ता, असं तो म्हणाला आणि मग पोरगी थांबेचना. मी अकोल्याची, तोंडानं फटकळ, हे तिनंच पहिल्या आठवड्यात मला सांगितलं. अंबादेवीच्या देवळाकडच्या एका बोळात आम्ही मिळून खोली घेतली होती. स्वयंपाक तिचा आणि शिवणं-टिपणं माझं, कारण उलटं करून पाहिलं तेव्हा ते दोघींच्याही जिवावर आलं होतं. वेणूला सरळ टाका म्हणून कधी घालता आला नाही. पोलक्याचं बटण लावायला बसली तर पोलकंच नेसत्या लुगड्याला शिवून ठेवील अशी तिची गत. मी ते तिच्या हातून काढून घ्यायची, उसवायची आणि पुन्हा शिवायची. वाकडी शिवण दिसली की माझी कात्री आपोआप चालते, ती खोड मला तेव्हापासूनची.

लहान मुलींना घनाकृती शिकवायचा प्रसंग आला तेव्हा तिनं आधी सगळे शिक्षक करतात तेच केलं. फळ्यावर घन काढला, छान काढला, आणि विचारलं, याला पृष्ठं किती? सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलं, तीन. चित्रात तीनच दिसत होती ना. तिनं सहा आहेत म्हणून सांगितलं, मुलींनी सहा म्हणून पाठ केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिनं विटेचं चित्र काढलं तर परत तीन. संध्याकाळी ती खोलीवर आली ती चूल न पेटवताच बसून राहिली. "दुर्गे, या पोरी डोयानं दिसते तेवढंच पाहून राहिल्या वं. मागची बाजू त्याहिले दिसत नाही अन् ती हाये असंही वाटत नाही." मी म्हटलं, "मग वीट हातात दे." ती म्हणाली, "हातात देली तर मोजतीन. मले मोजून नाही पाह्यजे, समजून पाह्यजे." मला भूक लागली होती, त्यामुळे हा फरक मला त्या वेळी मुळीच महत्त्वाचा वाटला नाही.

उत्तर तिला सापडलं ते भुलाबाईत. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघर मुलींची भुलाबाई, म्हणजे मातीची पार्वती, बसते. गाणी झाली की खिरापत, आणि खिरापत ओळखल्याशिवाय मिळायची नाही. डबा झाकलेला, पोरी तो हलवतात, कानाशी नेतात, लाडू का, शेव का, फुटाणे का म्हणून भंडावून सोडतात. घरमालकिणीच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. वर्गातली मंजुळा, एरवी तोंड न उघडणारी शेतकऱ्याची मुलगी, डबा हळूच तिरपा करून म्हणाली, "लाडू नाही. लाडू असते तर थांबले नसते." वेणूनं माझा दंड इतक्या जोरात धरला की मी ओरडलेच. "ऐकलं काय वं? न पाह्यता सांगून राहिली ती. अन् कारणासकट."

दुसऱ्याच आठवड्यात तिनं सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे आकार करून आणले: चेंडूसारखा गोल, लाटण्याच्या तुकड्यासारखा दंडगोल, एक शंकू, एक घन. आपला पोह्यांचा पितळी डबा रिकामा केला आणि त्यात यांतला एक आकार घालून वर्गात नेऊ लागली. डबा मुलींच्या हातांतून फिरायचा. नाव एकदम सांगायला बंदी होती. आधी काय ऐकलं ते सांगायचं, मग त्यावरून काय असू शकत नाही ते, मग काय असू शकेल ते. गोल कसाही कलला तरी घरंगळतो. दंडगोल एका अंगानं घरंगळतो आणि दुसऱ्या अंगानं नुसता घसरतो. शंकू घरंगळतो पण सरळ जात नाही, स्वतःभोवती फेर धरतो. घन आधी हलतच नाही आणि मग एकदम टपकन कोसळतो. हे सगळं झालं की शेवटचं वाक्य प्रत्येकीनं म्हणायचं असे: यापुढचं कळत नाही. म्हणजे घन आहे हे कळलं, पण लाकडाचा की दगडाचा, काळा की पांढरा, ते इथून कळत नाही. माझ्या शिवणाच्या वर्गात भिंतीपलीकडून हे वाक्य ऐकू यायचं. इतक्या मुली इतक्या आनंदानं आपल्याला कळत नाही असं म्हणतात, हे मी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकलेलं नाही. आणि सगळं बोलून झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आधी सांगा, मग उघडा, हाच तो नियम.

मी तिची थट्टा करायची. ही शाळा आहे का भुलाबाई, असं विचारायची. एकदा तिला फजीत करायचं म्हणून मी जुन्या निळ्या परकराचे सहा चौकोन कापले, त्यांचा घन शिवला, आत शिवणाच्या वर्गातल्या चिंध्या ठासून भरल्या आणि सकाळी लाकडी आकार काढून तो डब्यात बसवला. अगदी गच्च बसला. वर्गात डबा फिरला आणि मुली म्हणू लागल्या, बाई, आज रिकामा आहे. वेणूही बुचकळ्यात पडली. मी दाराशी उभी राहून मजा बघत होते. मग डबा मंजुळाकडे आला. तिनं तो हलवलाच नाही. दोन्ही तळहातांवर तोलून धरला आणि म्हणाली, "रिकामा नाही बाई. रिकामा असा नाही लागत हाताले. पण आवाज नाही. म्हणजे मऊ हाये, नाहीतर गच्च बसलं हाये... यापुढचं कळत नाही." वेणूचा चेहरा असा उजळला की माझी थट्टा कुठल्या कुठे गेली. तो कापडी घन तिनं मला परत दिलाच नाही. आवाज न येणं हेही एक उत्तर आहे, हे शिकवायला तो तिला पुढे दरवर्षी लागायचा.

त्यानंतर तिनं माझाही वर्ग सोडला नाही. एक दिवस सगळ्या मुलींना घेऊन आली आणि तान्ह्या बाळाचं टोपडं माझ्यासमोर ठेवून म्हणाली, हे उसव. डोक्यासारखी गोल वस्तू सपाट कापडातून कशी होते, ते तिला मुलींना दाखवायचं होतं. मी सगळी शिवण सोडून तुकडे पाटावर पसरले, आणि मुली ते पाहतच राहिल्या. मग आपण होऊनच एकजण म्हणाली, डबापण असा उसवता येईल काय? त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कागदाचे डबे उसवले, घन उसवला, शंकू उसवला. शंकू उलगडला की पंख्यासारखा होतो हे मला पोलक्यांच्या बाह्या बेतून बेतून हाताला माहीत होतं, पण तोंडानं मी ते कधी बोलले नव्हते. त्या वर्षाइतकं सुख मला शाळेत पुढे मिळालं नाही.

आणि नेमकं तेव्हाच आबासाहेबांचं सुरू झालं. आबासाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या मंडळाचे चिटणीस, पेशानं वकील. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला सगळ्यातलं कळतं असा त्यांचा समज होता. मुली वर्गात डबे वाजवतात अशी पालकांची कुरकुर त्यांच्या कानावर गेली होती. मुलींना भूमिती कशाला, त्या तासाला भरतकाम ठेवू, असा ठराव त्यांनी मांडला. म्हणजे तास माझ्याकडे येणार आणि वेणूची नोकरी जाणार, कारण उरलेल्या एवढ्याशा अंकगणिताला वेगळी बाई कोण ठेवतो? मंजुळासारख्या ज्या दोघीतिघी मॅट्रिकला गणित घ्यायचं म्हणत होत्या, त्यांचंही तिथेच संपलं असतं. आबासाहेबांना वाटलं मी खूश होईन. मी त्यांना म्हटलं, "माझ्या तासात मुली टाके घालून डोळे मोडून घेतातच. तिच्या तासात त्या डोळे मिटून विचार करतात. मला नको तुमचा तास." ते म्हणाले, शाळा खात्याचे इन्स्पेक्टरसाहेब येणारच आहेत, ते काय तो निकाल देतील.  त्या आठवड्यात वेणूची भाकरी रोज करपायची.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते पुन्हा भुलाबाईच्याच दिवसांत. वयस्क, नागपूरचे, स्वच्छ धोतर-कोट, बोलणं मोजकं. आबासाहेब त्यांच्या मागे, मी भिंतीशी. वेणूनं डबा फिरवला, आणि मुलींनी गोल, दंडगोल, शंकू सगळे ठरल्याप्रमाणे कारणांसह ओळखले. मला वाटलं जिंकलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मेहनत घेतलीत. पण चारच आकार आहेत आणि चार आवाज. यांनी ते पाठ केले आहेत. पाढे पाठ करतात तसे." आबासाहेबांनी मान डोलावली. त्यांचं म्हणणं खोटं आहे हे वेणू तिथल्या तिथे कशी दाखवणार? 

साहेब उठले. खिडकीत डब्यांची रांग होती. त्यांना वाटलं हेही बाईंचेच डबे. त्यातला एक त्यांनी स्वतःच्या हातानं उचलला आणि समोर बसलेल्या मंजुळाच्या हातात दिला. "यात काय आहे?"  पण तो डबा आकारांचा नव्हताच. त्या संध्याकाळी शाळेत भुलाबाई होती, आणि छबू नावाच्या मुलीनं घरून आणलेली ती खिरापत होती. संध्याकाळपर्यंत खिरापत उघड करायची नाही, हा तर वेणूच्याही आधीपासूनचा नियम. छबूनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. वेणूनं माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे.

मंजुळानं डबा हळूच तिरपा केला. मग उलटा केला, पुन्हा सुलटा. "साहेब, आत एक नाही, गंज हायेत. पुष्कळ. गोल नाहीत, घरंगळत नाहीत. दंडगोलही नाहीत. घसरतात, पण लवकर अडकतात, म्हणजे कडा हायेत. चपटे हायेत, कारण कोसळल्याचा आवाज नाही, एकावर एक सरकल्याचा हाये. हलके हायेत. कोपरे तीन का चार ते सांगता येत नाही..." डबा साहेबांपुढे धरून म्हणाली, "यापुढचं कळत नाही."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे नाव माहीत नाही तर."

"नाव माहीत हाये साहेब," मंजुळा म्हणाली. "पण ते विचार करून नाही समजलं. सकाळी छबूच्या घरावरून आली तेव्हा तळणाचा वास येऊन राहिला होता, म्हणून समजलं. ते धराचं नाही, असं बाई सांगतात."

आता मात्र छबूला रडू फुटलं. "माही खिरापत सांगू नको वं," म्हणून ती मुसमुसू लागली. काय झालं ते आम्ही साहेबांना समजावून सांगितलं तेव्हा ते आधी डब्याकडे आणि मग मंजुळाकडे पाहत राहिले. छबूची परवानगी घेऊन त्यांनी झाकण काढलं. शंकरपाळे होते. त्यांनी एक उचलला, बोटांत फिरवला, कोपऱ्यांवरून अंगठा नेला आणि म्हणाले, "चार." मग तो तोंडात टाकून आबासाहेबांकडे वळले. "वकीलसाहेब, आपल्याकडचे साक्षीदार असे असते तर कोर्टात किती वेळ वाचला असता. काय ऐकलं, त्यावरून काय ठरवलं आणि काय दुसरीकडूनच समजलं, हे या मुलीला वेगवेगळं सांगता येतं. भूमिती राहू द्या." आबासाहेब हसले, आणि मोकळेपणानं हसले, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. भरतकामाला शनिवारचा एक जादा तास मिळाला, तो मी कुरकुरत घेतला. त्या संध्याकाळी भुलाबाईची गाणी संपल्यावर छबूनं रीतीप्रमाणे विचारलं, ओळखा खिरापत, आणि साऱ्या शाळेनं मुद्दाम लाडू, लाडू म्हणून गोंधळ घातला.

वेणू निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिली. माझं लग्न होऊन मी अकोल्याला परत आले, पण दरवर्षी एकदा तरी आमची भेट व्हायचीच. मंजुळा पुढे स्वतः मास्तरीण झाली, गणिताचीच. शेवटची भेट गेल्या शिवरात्रीच्या सुमाराला, बार्शीटाकळीच्या मळ्यात. माझे गुडघे आणि तिचा दम, दोन्ही बेतास बात. ती बांधावर बसली होती आणि हातात कवठ होतं. बोलता बोलता तिनं ते कानाशी नेऊन हलवलं, सवयीनं. पिकलं की आतला गर कवचापासून सुटतो आणि खुळखुळतो. मी फटकळच, विचारून टाकलं, "वेणू, आता आपले दिवस भरत आले. भीती वाटते काय वं?" तिनं कवठ माझ्या मांडीवर ठेवलं. "डबा बंद हाये बाप्पा. हलवून पाह्यला म्या. आवाज येत नाही काही. पण रिकामा नाही वाटत... यापुढचं कळत नाही." आणि हसली, वर्गात हसायची तशी. मग आम्ही ते कवठ फोडून गूळ घालून खाल्लं.

फळीवरचा डबा तसाच होता. परवा गल्लीतल्या मुली आमच्याकडे भुलाबाईला आल्या, आणि खिरापतीचा समजून माझ्या नातीनं तोच खाली काढला. हलवला, कानाशी नेला. "आजी, हा त रिकामा हाये." मी म्हटलं, "काहून?" "आवाज नाही." "तळहातावर धरून पाहा." तिनं धरला, आणि तिच्या कपाळावर विचार केल्याची आठी उमटली. "नाही... रिकामा नाही. भरेल हाये. पण बोलत नाही." आणि त्याच क्षणी मला कळलं. मुलींना जवळ बसवून मी सांगितलं, आत कापडाचा घन आहे, निळ्या परकराचा, चिंध्यांनी भरलेला, आणि तो माझ्या हातचा आहे. आधी सांगितलं, मग झाकण काढलं.

बरोबर होतं. निळा रंग पार विटून गेला होता, कोपरे इतक्या मुलींच्या हातांनी गोल झाले होते. पण एक बाजू माझ्या हातची नव्हती. ती केव्हातरी उसवली असावी, आणि काळ्याकुळकुळीत नव्या दोऱ्यानं कोणीतरी ती पुन्हा शिवली होती. लांब लांब टाके, एक वर, एक खाली, मध्येच गाठ. असं शिवणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. अधू डोळ्यांनी सुई ओवून, मळ्यातल्या ओट्यावर बसून, मला न बोलावता तिनं ते एकटीनं केलं होतं. डबा कितीही हलवला असता तरी हे कळलं नसतं. नात म्हणाली, "आजी, किती वाकडं शिवलं हाये." कात्री माझ्या हाताशीच होती. ती शिवण मी उसवली नाही.